चादर वाळेपर्यंत

“दोऱ्या कोणी कापल्या?”

गच्चीच्या दारात काकू बादली कमरेवर टेकवून उभ्या होत्या. बादलीत घट्ट पिळलेली चादर, तिच्यावर उशांचे अभ्रे, त्यांच्यावर चिमट्यांची पिशवी. समोर त्यांच्या ओळखीची गच्चीच राहिली नव्हती. पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंत सिमेंटचे ठोकळे मांडले होते, ठोकळ्यांवर तिरके लोखंडी सांगाडे उभे होते आणि दोन कामगार त्या सांगाड्यांवर काळीनिळी सोलर पॅनेल बसवत होते.

“गच्ची मोकळी करून द्या म्हणाले, आम्ही केली,” त्यांतला थोराड कामगार हातातला पाना न थांबवता म्हणाला. “दोऱ्या टाकीमागे ठेवल्यात मावशी. फेकल्या नाहीत हां.”

“उपकारच केलेत.”

“आमच्यावर कशाला चिडता? सेक्रेटरींना विचारा.”

“त्यांनाही सोडणार नाहीये. आधी तुम्ही सापडलात.”

कामगार हसला. काकू हसल्या नाहीत. टाकीमागे जाऊन त्यांनी दोऱ्या उचलून पाहिल्या. गाठ सोडायचे कष्ट कोणी घेतले नव्हते, प्रत्येक दोरी गाठीपाशीच कापली होती. त्यांनी स्वतः बांधलेल्या, एका ओढीत सुटणाऱ्या गाठी होत्या त्या. आता वीतभर आखूड झालेली एकही दोरी कुठल्याच दोन खांबांना पुरली नसती. तसे खांबही उरले नव्हते म्हणा.

इमारतीत त्यांना सगळे ‘लाँड्रीवाल्या काकू’ म्हणत. मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखात्यात त्यांची अख्खी नोकरी गेली होती. वॉर्डांमधून गाठोडी येत, त्यांत रक्त, पू, औषधे, काय वाटेल ते असे. काकू ती गाठोडी नाक न मुरडता सोडत आणि संध्याकाळी घरी येऊन साबणाने कोपरापर्यंत हात धूत. निवृत्त झाल्यावर आता ओल्या कापडाशी संबंध संपला, असे त्यांनी जाहीर केले होते. पुढच्याच वर्षी काकांची उजवी बाजू गेली.

काका बसचे ड्रायव्हर होते. आयुष्यभर बसून काम केलेला माणूस आता आडवा झाला होता. बोलण्यातला एकच शब्द शाबूत राहिला होता, “अगं”. तहान लागली की अगं, माशी बसली की अगं, पाठ दुखली की जरा लांबवलेला अगं. काकूंना सगळे अगं वेगवेगळे ऐकू येत.

अशा माणसाच्या पाठीखाली ओलसर कापड चालत नाही. ओलाव्याने कातडी भिजून मऊ पडते, मऊ कातडी घासून निघते आणि एकदा जखम झाली की ती आत आत जाते. म्हणून काकूंचे गणित साधे होते. एक चादर अंगाखाली, एक धुण्यात, एक वाळत. दुपारच्या उन्हात आणि गच्चीवरच्या वाऱ्यात पातळ सुती चादर बघता बघता कडकडीत होई. हे चक्र दोन वर्षे फिरत होते आणि काकांच्या पाठीवर एक ओरखडासुद्धा नव्हता.

सेक्रेटरी तळमजल्यावरच्या कार्यालयात सापडला. चाळिशीतला, नीटनेटका, मनापासून काम करणारा माणूस. सोसायटीत ओल्या कचऱ्याचे खत त्यानेच सुरू केले होते. गळके नळ शोधत तो दारोदार फिरला होता, जिन्यातले दिवे बदलले होते, कापडी पिशव्या वाटल्या होत्या. काकू कपडे खळबळलेले पाणी फरशी पुसायला आणि संडासात वापरतात, हे कळल्यावर त्याने सोसायटीच्या पत्रकात ‘आपल्या काकूंकडून शिका’ असे छापलेही होते. त्याला वाईट माणूस म्हणता आले असते तर काकूंचे काम सोपे झाले असते.

“काकू, तुम्हाला सांगायचंच राहिलं बघा,” तो खुर्ची पुढे करत म्हणाला. “बसा ना.”

“बादली धरून बसत नाही मी. यांची चादर कुठे घालू ते सांग.”

“त्याचीच तर सोय केलीय! खाली वाळवणी यंत्र येतंय. सगळ्यांसाठी. तेही वरच्या उन्हाच्या विजेवर. म्हणजे तुमचे कपडे उन्हानेच वाळणार, फक्त वर चढायचा त्रास नाही.”

“मला वर चढायचा त्रास नव्हताच.”

“अहो, पण हरित इमारतीच्या स्पर्धेत आहोत आपण. यंत्र सौर विजेवर चालवलं की गुण मिळतात. मीटरवर दिसतं ना किती वीज वाचली ते.”

“आणि दोरीवर किती वाचत होती?”

“दोरीला मीटर नसतो, काकू,” सेक्रेटरी हसत म्हणाला. “अर्जात तो रकानाच नाहीये.”

हे त्याने विनोद म्हणून सांगितले, पण ते अक्षरशः खरे होते. गच्चीवर ऊन पडते. पॅनेल त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा विजेत बदलते. ती वीज तारेतून खाली तळमजल्यावर येते, यंत्रात शिरते, तिथे तिची पुन्हा उष्णता होते, शिवाय पंखा फिरवायलाही थोडी खर्ची पडते, आणि मग ओली चादर वाळते. तीच चादर, जी वर त्याच उन्हात, यंत्राशिवाय, फुकट वाळत होती. एखाद्याने चेष्टा म्हणून असे काही आखले असते तर लोक पोट धरून हसले असते. इथे त्यासाठी समिती नेमली होती.

यंत्र आले. त्याला फीत लावून कापण्यात आली. वेळ मोबाईलवर आधी नोंदवायची होती. काकूंच्या मोबाईलला फक्त फोन करता येत असल्यामुळे त्यांची नोंद वॉचमन करून देई. काकू रोज खाली जात. यंत्रातून चादर निघे तेव्हा गरम असे, पण तिला चुण्या पडलेल्या असत. त्या चुण्या काकांना टोचत. मग काकू इस्त्री करत. निदान कोरडी तर असते, असे स्वतःला सांगत. राग गिळून दिवस काढणे त्यांना जमत होते.

मग एक दिवस शेजारच्या दाराच्या शिकवणीबाई खाली यंत्रापाशी भेटल्या. घरी मुलांच्या शिकवण्या घेत म्हणून हे नाव. चांगल्या होत्या, काकांना झटका आला तेव्हा रिक्षा आणायला त्याच धावल्या होत्या.

“काकू, रागावू नका हं,” त्या यंत्राच्या काचेतून आत बघत म्हणाल्या. “पण ही चादर... काकांची ना?”

“दुसऱ्या कोणाची असणार? मी काय घरोघरच्या गोळा करते?”

“तसं नाही हो. पण यानंतर माझ्या पोरांचे शाळेचे कपडे जातात आत. एकाच यंत्रात.”

“धुतलेली चादर आहे, बाई. गरम पाण्यात. दोनदा.”

“हो हो, तुम्ही धुता म्हणजे प्रश्नच नाही. पण मनाला कसंतरीच होतं ना. तुम्ही समजू शकता.”

काकू समजू शकत होत्या, पण समजून घ्यायची त्यांची अजिबात तयारी नव्हती. त्यांनी यंत्र संपेपर्यंत वाट पाहिली, चादर काढली आणि शिकवणीबाईंच्या समोर ती गालाला लावून घडी घातली.

चारच दिवसांत यंत्राच्या दारावर छापील कागद लागला. ‘आजारी व्यक्तींचे कपडे व अंथरुणे कृपया यंत्रात टाकू नयेत. सर्वांच्या आरोग्यासाठी.’ खाली हिरव्या पानाचे चित्र.

आणि मग सभा. काकू सभेला कधी जात नसत. या वेळी पहिल्या रांगेत बसल्या.

“माझी एकच मागणी आहे,” त्या उभ्या राहून म्हणाल्या. “वर एक दोरी. एका टोकाला. पॅनेलांपासून लांब. बास.”

“सावली पडते काकू,” सेक्रेटरी म्हणाला. “एका पॅनेलवर सावली पडली की पूर्ण ओळीची वीज कमी होते. तांत्रिक गोष्ट आहे.”

“मग यंत्रात टाकू दे.”

खोलीत खुर्च्यांची चुळबूळ झाली. कोणीतरी खाकरले.

“तुम्ही ते कागदी पॅड का नाही वापरत?” मागून एक गृहस्थ आपुलकीने म्हणाले. “वापरायचं, फेकायचं. धुवायची कटकटच नाही.”

“पण मग कचऱ्याचं वजन वाढेल,” दुसरे कोणीतरी तेवढ्याच आपुलकीने म्हणाले. “परीक्षक कचऱ्याचंही वजन बघतात. आपला सुका कचरा मोठ्या मुश्किलीने खाली आलाय.”

“घरात एक छोटं यंत्र घ्या ना स्वतःचं.”

“ठेवू कुठे? यांच्या उशाशी?”

एकजण हसला आणि नंतर हसल्याबद्दल ओशाळला. इथे काकू थांबल्या असत्या तर कदाचित दोरी मिळालीही असती. काही चेहरे मऊ पडले होते. पण इतके दिवस गिळलेला राग आता घशाशी आला होता.

“दोरी नको, यंत्र नको, पॅड नको,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चिरकला. “मग माणूसच नको म्हणा ना! त्यालाही एखाद्या डब्यात टाका, ओल्यात टाकायचा की सुक्यात ते ठरवून सांगा मला! पत्रकात माझं नाव छापता, काकूंकडून शिका म्हणून. काय शिकलात? तुमच्या घरात कोणी पडेल ना, तेव्हा कळेल एकेकाला. आणि पडणार आहेच!”

शेवटचे वाक्य तोंडातून गेले आणि खोली गार झाली. शिकवणीबाईंनी तोंडावर हात ठेवला. त्यांची सासू महिनाभरापासून तपासण्यांच्या चकरा मारत होती, हे काकूंना ठाऊक होते. त्या क्षणी आठवले नव्हते एवढेच.

“हे बरं नाही, काकू,” सेक्रेटरी हळू म्हणाला. “असं बोलायला नको होतं.”

मग हात वर झाले. ठराव लिहिला गेला. गच्चीवर दोरी, तार, स्टँड अथवा कपडे वाळत घालण्याचे कोणतेही साधन लावता येणार नाही. काकूंनी तो वाचून दाखवायला लावला, दोनदा, आणि घरी गेल्या.

त्यांचे घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. खोलीची खिडकी इमारतीच्या पोटातल्या अंधाऱ्या बोळाकडे उघडे. तिथून ऊन येत नसे, शेजारच्या फोडणीचा वास तेवढा येई. काकूंनी चादर दोन खुर्च्यांच्या पाठींवर ताणली आणि पंखा लावला. चादर वाळे, पण उशिरा, आणि तिला दमट वास येई. तिच्यातले पाणी जाणार कुठे? खोलीतच. भिंतीला हात लावला तर गार, चिकट लागे. इस्त्री करकरून काकूंच्या उजव्या खांद्यात कळ बसली. मीटर मात्र आता व्यवस्थित फिरत होता. काकू जे करत होत्या, त्याला अखेर रकाना मिळाला होता.

आठवड्याभरात काकांना कुशीवर वळवताना त्यांना माकडहाडापाशी लाल चट्टा दिसला. त्यांनी बोटाने दाबून पाहिला. निरोगी कातडीचा लालपणा दाबल्यावर क्षणभर जातो आणि परत येतो. हा गेला नाही. काकू तशाच बोट ठेवून बसून राहिल्या.

“अगं,” काका म्हणाले. प्रश्नासारखा अगं होता.

“काही नाही. लाल झालंय जरा.”

परीक्षक येणार त्या दिवशी सकाळपासून जिना पुसला जात होता. कुंड्या रांगेत लागल्या होत्या. काकांचे पोट पहाटेपासून बिघडले होते. पहिली चादर गेली, दुसरी गेली, आणि तिसरी खुर्चीवर अजून ओलीच होती. काकूंनी काकांना पुसून कोरडे केले आणि गादीवरच्या रेक्झिनवर जुना टॉवेल अंथरून त्यावर कुशीवर निजवले. टॉवेलचे खडबडीत दोरे त्या चट्ट्याला लागत होते. काका तोंडाने काही म्हणाले नाहीत, पण डावा हात पलंगाची कड धरून होता, आणि बोटांची पेरे पांढरी झाली होती. तो हात पाहिला आणि काकूंचे ठरले.

खुर्चीवरची चादर त्यांनी पुन्हा पिळली, खांद्यावर टाकली, दार ओढून घेतले आणि जिना चढून गच्चीवर गेल्या.

पॅनेलांच्या दोन ओळींमध्ये बसमधल्या वाटेएवढी वाट सोडलेली होती. वारा त्या वाटेतून सरळ येत होता. काकू वाटेच्या टोकाला, कठड्यापाशी, जिथे सावली पॅनेलांवर न पडता बाहेरच्या बाजूला पडेल अशा जागी उभ्या राहिल्या. चादर डोक्यावरून आणि खांद्यांवरून घेतली, तिची दोन्ही टोके मुठींत धरली आणि हात दोन्ही बाजूंना सरळ पसरले. वाऱ्याने चादर पाठीमागे फुगली. ओल्या कापडाला वजन असते. खांद्यातली कळ लगेच जागी झाली.

सेक्रेटरी वर आला तो नवा सदरा घालून, कपाळाला घाम.

“काकू! हे काय चाललंय?”

“दोरी नाही. तार नाही. स्टँड नाही,” काकू समोर बघत म्हणाल्या. “ठराव वाच तुझा.”

“अहो, ते लोक लिफ्टमध्ये बसलेसुद्धा! पाच मिनिटं खाली जा, मी हात जोडतो.”

“जोड. माझे मोकळे नाहीत.”

“काकू, अख्ख्या इमारतीची मेहनत आहे हो. दोन वर्षांची.”

“तेवढीच माझीही.”

त्याने आजूबाजूला पाहिले, जणू त्यांना झाकायला काही सापडेल. तेवढ्यात लिफ्टचे दार उघडले. दोन पाहुणे, त्यांच्यामागे सोसायटीचे अध्यक्ष, त्यांच्यामागे शिकवणीबाई फुलांचा गुच्छ घेऊन. पाहुण्यांतल्या बाईंनी पॅनेलांकडे कौतुकाने पाहिले, मग त्यांची नजर वाटेच्या टोकाला गेली.

“या कोण?”

“या... आमच्या ज्येष्ठ सभासद,” सेक्रेटरी म्हणाला. “ऊन घेतायत. डोक्याला लागू नये म्हणून ते कापड.”

“अरे वा,” पाहुण्या बाई म्हणाल्या. “म्हणजे ज्येष्ठांना उन्हासाठी जागा ठेवलीय तुम्ही. हे फार कमी ठिकाणी दिसतं.” त्यांनी सोबतच्या माणसाकडे वळून सांगितले, “हे लिहून घ्या. याचे वेगळे गुण आहेत.”

सभेत आला होता तोच राग तसाच छातीतून वर आला. सगळे शब्द तयार होते. खोटारडा, म्हणायचे होते. या चादरीत माझा माणूस निजतो, म्हणायचे होते. त्यासाठी वळावे लागले असते, हात खाली आले असते आणि चादरीचे टोक गच्चीवरच्या सिमेंटच्या धुळीत पडले असते. मग ती पुन्हा धुवावी लागली असती. काकूंनी मुठी आवळल्या आणि हात वरच ठेवले. त्यांच्या दंडांना कंप सुटला होता, आणि त्यामुळे चादर कडांना थरथरत होती.

मंडळी पॅनेलांच्या कडेने फिरली. सेक्रेटरी आकडे सांगत होता, आधी अडखळत, मग सराईतपणे. शिकवणीबाई मात्र गुच्छ घेऊन लिफ्टपाशीच उभ्या राहिल्या. त्या काकूंकडे बघत होत्या. एकदा त्यांनी एक पाऊल पुढे टाकले आणि अध्यक्षांनी “चला, चला, खाली हॉलमध्ये” म्हटल्यावर मागे घेतले. लिफ्टचे दार बंद झाले.

काकू उभ्याच होत्या. आधी कडा हलक्या झाल्या, मग खांद्यांवरचा भाग. पाठीवर, जिथे चादर अंगाला चिकटली होती, तिथे ती शेवटपर्यंत दमट राहिली, म्हणून त्यांनी ती फिरवून घेतली आणि पुन्हा हात पसरले. हात आता आपले वाटत नव्हते. अखेर त्यांनी शिवणीची दुमड दोन बोटांत चोळून पाहिली, कारण ओल शेवटी तिथेच लपते. कोरडी होती.

लिफ्ट पाहुण्यांसाठी खाली अडवून ठेवली होती. काकू जिन्याने उतरल्या, चादर छातीशी धरून, कुठे भिंतीला लागू न देता.

काकांचा हात अजून पलंगाची कड धरून होता. काकूंनी त्यांना एका कुशीवरून सरकवले, टॉवेल ओढून काढला, अर्धी चादर पसरली, पलीकडे वळवले, उरलेली अर्धी ओढून घेतली. चारही कोपरे इस्पितळात खोचत तसे गादीखाली ताणून खोचले. हातांत जोर नव्हता, म्हणून शेवटचा कोपरा गुडघ्याने दाबून खोचावा लागला. तळव्याने मधली सुरकुती काढली. एक राहिली होती, तीही काढली.

खालच्या हॉलमधून टाळ्यांचा आवाज आला. बोळातून वर चढत तो खिडकीपाशी पोचला आणि बराच वेळ चालूच राहिला.

“अगं?” काकांनी भुवया उंचावल्या.

“बक्षीस मिळालं असेल,” काकू म्हणाल्या. “ऊन घेतल्याचं.”

काकांना काही कळले नाही. त्यांनी कड सोडली होती. त्यांचा डावा हात गरम चादरीवर सावकाश फिरला आणि एका जागी उताणा पडून राहिला. काकू न्हाणीघरात गेल्या, बादलीत भिजत घातलेल्या दोन चादरींमधली वरची उचलली आणि दुखऱ्या हातांनी घासायला लागल्या. उद्याही ऊन असणार होते.